आप्पांचे ओले पाय

जे. पी. नगर, बेंगळूर
९ जून २०२५

अक्का,

तुला पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लागतो, ठाऊक आहे. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेलला उत्तर देत नाहीस, आणि आईच्या फोनवरून बोलायला गेले तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतेस. आता धाकट्या बहिणीनं कुठल्या तोंडानं पाया पडायचं? टपाल खातं अजून चालू आहे, म्हणून हा कागद. तो दारातून परत पाठवू नकोस, एवढंच.

सांगायचंय ते तुझ्या मुग्धाबद्दल. पण तिथवर जायला मला एका मुंगीपासून सुरुवात करावी लागणार, आणि तू 'झालं हिचं सुरू' म्हणणार. म्हण. एवढी शिकली आणि मुंग्यांच्या नांग्या उपटत बसते, असं घरातले सगळेच म्हणतात.

आनेकलच्या पुढे करंजाच्या झाडांवर एक मुंगी राहते. डोकं काळं, मधला भाग तांबडा, चाल तुरुतुरु. तिच्या विषातला प्रथिनाचा एक लहानसा तुकडा वेगळा काढायचा, काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर घालायचा आणि काय होतं ते बघायचं, हे माझं काम. पेशीच्या कातडीला बारीक दारं असतात. मिठातलं सोडियम त्या दारांनी आत शिरतं. दार उघडलं, सोडियम आत गेलं, दार मिटलं, की नसेतून एक ठिणगी पुढे सरकते. चटका बसला, काटा टोचला, हे आपल्याला कळतं ते त्या ठिणग्यांमुळे. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. आम्ही केसाहून बारीक काचेची नळी पेशीला चिकटवतो आणि तो प्रवाह पडद्यावर बघतो. रेघ खाली जाते, लगेच वर येते. दार मिटलं.

त्या पेशीवर विष घातलं की रेघ खाली जाते आणि वर येतच नाही. दाराला कुणी पाचर मारल्यासारखं होतं. ठिणग्या निघतच राहतात. मार लागलेला नाही, भाजलेलं नाही, जखम नाही, पण नस ओरडत राहते.

गेल्या महिन्यात ती मुंगी मला डसली. पायाच्या बोटाला. बूट काढलेला होता, चुकून. तळपाय तव्यावर ठेवावा तसं झालं आणि संध्याकाळपर्यंत उतरलं नाही. मी विहिरीच्या पंपाखाली बादली लावली आणि पाय बुडवून बसले. बरं वाटतं गं. पाय बाहेर काढला की पुन्हा पेटतो, म्हणून काढवत नाही. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, मी कशी बसले आहे. गुडघे जोडून, पाठ ताठ, डोळे मिटून. आपल्या चामराजपेटच्या घरात न्हाणीच्या उंबऱ्यापाशी आपले आप्पा तसे बसायचे.

त्यांना आपण काय म्हणायचो? सोवळ्याचे कडक. शाळेत संस्कृत शिकवायला जाताना पाय धुवायचे, आल्यावर धुवायचे, मधल्या सुट्टीत नळाखाली उभे राहायचे. थंडीतही ओल्या पंच्यानं पाय गुंडाळून झोपायचे. सगळी गल्ली म्हणायची, असं मडी, असं सोवळं, आता बघायला मिळत नाही. लोक पोरांना घेऊन यायचे त्यांच्या पाया पडायला. पाय लालबुंद, हात लावला तर कढत. 'तेज आहे,' म्हणायचे. आप्पा काही बोलायचे नाहीत. आपणही मान उंच करून उभ्या असायचो.

अक्का, ते तेज नव्हतं. त्यांचे पाय जळत होते.

असा आजार आहे. काही घराण्यांत त्या सोडियमच्या दाराची घडणच जन्मापासून चुकलेली असते. ते सैल असतं, जरा ऊब लागली की उघडतं आणि लवकर मिटत नाही. मुंगीचं विष जे एका संध्याकाळपुरतं करतं, ते या माणसांना आयुष्यभर होतं. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. आणि त्यावर सगळ्यांत वाईट उपाय म्हणजे गार पाणी, कारण एकदा सवय लागली की ते सोडवत नाही. कातडी भिजून सडते. आप्पांचं काय झालं ते तू पाहिलंस, मीही पाहिलं.

आई परवा कौतुकानं सांगत होती की मुग्धा आता बादलीत पाय घालून अभ्यासाला बसते. तू तिला म्हणालीस म्हणे, की आजोबांचं सोवळं नातीत उतरलं. तिच्या बादलीत तुळस घालतेस.

ती बादली काढ. तिला इथं घेऊन ये. रक्ताची तपासणी आहे, काहींना लागू पडणारी गोळी आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी दवाखान्याच्या फाटकापाशी थांबेन.

संहिता


जे. पी. नगर
२ जुलै २०२५

अक्का,

'घेण्यास नकार' असा शिक्का मारून पत्र परत आलं. अक्षर भावोजींचं नव्हतं, तुझं होतं. बरं. म्हणून हे आणि ते, दोन्ही पत्रं आईच्या सारिनपुडीच्या, साराच्या मसाल्याच्या, डब्यात तळाशी घातली आहेत. डबा तू परत पाठवणार नाहीस, धारवाडात आईच्या हातची पूड मिळत नाही. कागदाला मिरीचा वास येईल, तेवढा सोस.

आईला सांगूनच घातलं. ती आधी डब्याचं झाकण पुसत राहिली. मग म्हणाली, "सरी, पाठव. पण स्वल्प सांभाळून लिही. आप्पांना लोक देव म्हणत होते गं. आता रोगी म्हणतील." मी म्हटलं, देवाचा पाय घोट्यापासून कापायला सांगत नाहीत डॉक्टर. आई उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. माझी जीभ तुला ठाऊकच आहे.

आता त्या बादलीचं बोलते, कारण ते मधे ठेवून पुढे जाता येत नाही. शेवटच्या महिन्यांत आप्पांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती. डॉक्टर म्हणाले, पाय कोरडे ठेवा, नाहीतर विष अंगभर चढेल. मी बादली माळ्यावर टाकली आणि न्हाणीला कुलूप लावलं. तू बेंगळूरला येऊन ते कुलूप तोडलंस. आप्पा हात जोडत होते, पाण्यासाठी, आपल्या पोरींपुढे. तू बर्फ आणलास. मग ते गेले, आणि तेराव्याला पंगत बसलेली असताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की हिनं बापाला शेवटचं पाणी तोडलं. मी म्हटलं, तू त्यांना कुजवलंस. तेव्हापासून आपलं हे असं आहे.

मी डॉक्टरांचं ऐकलं ते बरोबरच होतं, अजूनही म्हणते. पण बादली काढून घेतली की त्या माणसाला कसं वाटतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता थोडं माहीत आहे. मागच्या पत्रात लिहिलं की बूट चुकून काढलेला होता. खोटं आहे ते. मी झाडाखाली बसून बूट आणि मोजा काढला, चिमट्यानं मुंगी धरली आणि बोटावर ठेवली. आमच्या कामात हे करत नाहीत, कुणाला कळलं तर माझी धडगत नाही, एखाद्याला अशानं श्वासही लागतो. पण इतकी वर्षं पडद्यावरची रेघ बघून बघून मला वाटायला लागलं होतं, की ही रेघ मी कुठंतरी पाहिली आहे. मला खात्री करायची होती. आणि खरं सांगू, आप्पा हात जोडत होते ते मला झोपू देत नाही.

तासाभरातच मी रडायला लागले. पंपवाला बाबा विचारत होता, येनाइतम्मा, काय झालं? मी पाय बादलीत आणखी खोल खुपसला. आप्पांनी त्या पायांवर उभं राहून पोरांना शब्द चालवायला शिकवले.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला आहे. दोष कुठं आहे ते ठाऊक नसताना शोधायचा म्हणजे सगळंच चाळावं लागतं, म्हणून वेळ लागला. माझ्यात काही सापडलं नाही. मला आप्पांचं नाक आलं, राग आला, हे आलं नाही. मी आनंदानं उडी मारायला हवी होती. पण माझ्यात नाही म्हणजे आप्पांचं नेमकं काय बिघडलं होतं ते माझ्या रक्तातून कळणार नाही. मुग्धाचं रक्त लागेल.

आई सांगते, तिनं खेळ सोडला. वर्गात बाकाखाली चपला काढून फरशीला तळवे टेकवून बसते. मैत्रिणी हसतात. आणि तुमच्या गल्लीतल्या दोन बायका तिच्या पाया पडून गेल्या. नववीतली पोर आहे ती. पाया पडणाऱ्या बायकांपुढे ती 'दुखतंय' कसं म्हणणार? आप्पा तरी कुठं म्हणू शकले?

भावोजींना हे दाखव. बँकेत चार लोकांचे कागद तपासतात, बायकोला आलेला एक वाचतील.

संहिता


जे. पी. नगर
२१ जुलै

अक्का,

आज काही समजावणार नाही. समजावायचं राहिलंच नाही.

सकाळी मी नव्या विद्यार्थ्यांना आनुवंशिकता शिकवत होते. फळ्यावर नेहमीचं झाड काढलं. वर बाप, खाली मुलं, त्यांच्याखाली नातवंडं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार आहे तो काळा रंगवायचा; हातानं नकळत आपलंच घर काढलं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, आजोबा काळे, नात काळी, मधला गोल पांढरा कसा? मी फळ्याकडे वळून बघितलं. हा आजार पिढी गाळून जात नाही. मी दरवर्षी हेच शिकवते, आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही.

मुग्धाला ते आप्पांकडून थेट येत नाही. मधे तू आहेस.

मग मला एकेक दिसायला लागलं. तू गादीवर कधी झोपली नाहीस, स्वयंपाकघराच्या लाल फरशीवर भिंतीला पाय लावून झोपायचीस, आणि आई म्हणायची पोर साधी आहे. घरातली सगळी भांडी तू घासायचीस, मागच्या मोरीत पाण्यात उभी राहून. मला कधी हात लावू दिला नाहीस. मी कौतुकानं सांगत फिरायचे की माझी अक्का मला काम करू देत नाही. शाळेत मोजे घातले नाहीत म्हणून तुला बाहेर उभं करायचे. दिवाळीत फटाक्यांच्या धगीजवळ, अंगणात तू यायची नाहीस.

आणि तुझं लग्न. ऐन मे महिना, होमापुढे किती वेळ बसवलं होतं. तुझ्या डोळ्यांतून सारखं पाणी. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडणारच. मी तुझ्या मागेच होते. माझ्या हातात तुझ्या शालूचा पदर होता. सप्तपदीला उठताना तू माझं मनगट इतकं दाबलंस की बांगडी फुटली. अपशकुन झाला म्हणून मलाच बोलणी बसली.

तू कुलूप तोडलंस ते हट्टानं नाही. त्या खोलीत आप्पांना काय होतंय हे एकट्या तुला माहीत होतं. आणि मी तुला म्हणाले, तू कुजवलंस.

पण अक्का, तुला जर माहीत आहे, तर मुग्धाला काय होतंय हेही माहीत आहे. तिला तेज नाही, आग आहे, हे तिच्याकडे नुसतं बघून तुला कळलं असणार. मग तुळस कशाला घालतेस? आप्पांनी सोसलं, मी सोसलं, हिनंही सोसावं, असं आहे का? की तिचं खरं म्हटलं तर तुझंही खरं म्हणावं लागेल, आणि आप्पांचंही, आणि मग आपल्या घरात देव उरत नाही, दुखणाऱ्या पायांची तीन माणसं उरतात?

मला तुझा राग आला आहे. तुझी दयाही येते. दोन्ही एकदम येतंय आणि मला नीट लिहिता येत नाही.

बादली काढ गं.

सं.


बेंगळूर, दवाखाना
११ ऑगस्ट

अक्का,

तू समोरच्या बाकावर बसली आहेस. मधे एक कुंडी आणि हातगाडीवर ठेवलेलं ऑक्सिजनचं नळकांडं आहे. परवापासून आपण एकमेकींशी 'कॉफी' आणि 'नको' एवढंच बोललो. माझं तोंड उघडलं की काय निघतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून हेही लिहूनच देते.

भावोजींचा फोन आला तेव्हा मी नळीला पेशी चिकटवत होते. ते फक्त म्हणाले, "बोट काळं पडलंय." मी विचारलं, कुठलं, तर त्यांना रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला, तोही रडण्यात. रात्रभर गाडी चालवून ते तुम्हाला घेऊन आले, आणि मागच्या सीटवर मुग्धाचे पाय बर्फाच्या पिशवीत होते. मी पिशवी काढली तेव्हा तिनं हात जोडले. अगदी तसेच. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

दोन बोटं गेली. उरलेला पाय राहील, असं सर्जन म्हणतात. 'बहुतेक' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

आज सकाळचं लिहिते. तू म्हणशील, मी तिथंच होते, मला काय सांगतेस. पण तू मान खाली घातली होतीस, म्हणून तुला सगळं दिसलं नाही.

मज्जासंस्थेचे डॉक्टर आले. पाय पाहिले, पट्टीच्या वरचा लाल भाग हाताच्या पाठीनं चाचपला. मुग्धाला विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, बाईंनी दुसरीत मोजे सक्तीचे केले तेव्हापासून. सात वर्षं, अक्का. तुला सांगितलं नव्हतं तिनं. मग डॉक्टरांनी फाईल गुडघ्यावर ठेवून सहज विचारलं, "मनेल्ली बेरे यारिगादरू हीगित्ता?" घरात आणखी कुणाला असं होतं का?

मी उत्तर देणार होते. शब्द ओठांवर होते, झाड काढून दाखवायचीही तयारी होती. पण आई माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड धरला. मला वाटलं, गप्प करते आहे. तिनं मान हलवली आणि तुझ्याकडे बघितलं. तिला आधीपासून ठाऊक होतं, अक्का. आप्पांचं तरी नक्कीच, आणि मला वाटतं तुझंही.

 भावोजी घसा खाकरत होते. मग तू म्हणालीस, "नम्म तंदेगे इत्तु." आमच्या वडिलांना होतं. आपल्या घरात जे मराठीत कधी कुणी उच्चारलं नाही, ते तू कन्नडात म्हणालीस. आईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर लिहायला लागले. लिहून झालं आणि ते पान उलटणार, तेवढ्यात तू चपला काढल्यास, पाय साडीच्या बाहेर घेतलेस आणि म्हणालीस, "ननगू इदे."

मलाही आहे.

भावोजी तुझ्या पायांकडे बघत राहिले. सतरा वर्षं संसार केला त्यांनी. तुझे तळवे तांबडे, टाचांच्या भेगांत पांढरं पडलेलं. डॉक्टरांनी वाकून हात लावला आणि कुणालाच न उद्देशून 'हूं' म्हणाले. तुझं रक्त घेतलं, मुग्धाचं घेतलं. गोळी सांगितली. ती लागू पडेल की नाही हे दार नेमकं कुठं बिघडलंय त्यावर आहे. काहींची आग निम्म्यावर येते, काहींची मुळीच नाही. हे मी तुला गोड करून सांगणार नाही.

ते सगळे बाहेर गेले. तू चपला घालत होतीस, मान खाली. आणि मुग्धा तुझ्याकडे बघत होती. मी आजवर पोरांचे बरेच चेहरे पाहिलेत, असा नाही पाहिला. तिला राग आलेला नव्हता. शाळेत हसणाऱ्या पोरींमध्ये, पाया पडणाऱ्या बायकांमध्ये, सगळ्या जगात हे एकटीलाच आहे असं समजून ती सात वर्षं राहिली, आणि तेच सोसणारं दुसरं माणूस तिच्याच घरात, तिच्याच बादलीत पाणी भरत होतं. ती अगदी हळू म्हणाली, "अम्मा, मग मला सांगितलं का नाहीस?"

तू ऐकलंस. ऐकलं नाहीस असं दाखवून पाण्याची बाटली भरायला बाहेर आलीस, ती अजून या बाकावर आहेस. बाटली रिकामीच आहे.

मला तुझ्याकडून काही नको. तेराव्याचं नको, परत आलेल्या पत्राचं नको. आपलं आपण नंतर बघू, किंवा नाही बघणार. पण औषधाच्या गुंगीतून ती तासाभरात जागी होईल आणि तोच प्रश्न पुन्हा विचारेल. आप्पांना तो विचारायची आपली छाती झाली नव्हती, म्हणून त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही. तुला द्यावं लागेल. काय म्हणायचं ते मला सुचत नाही, मी खूप विचार केला. तुळस वगैरे म्हणू नकोस. आजोबांचं नाव काढू नकोस. तिच्या कॉटला टेकून खाली फरशीवर बस, चपला काढ, आणि तुला कसं होतं ते तिला सांग.

हा कागद तुझ्या हातात देऊन मी खाली जाते. आईनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

संहिता